आधी टक्का लिहा

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये युरोपीय महासंघाने सॅलिसिलिक अ‍ॅसिडवर एक अधिकृत शिक्का मारला: गर्भातल्या बाळाला अपाय करत असावं असा संशय. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये महासंघाच्याच ग्राहक सुरक्षा वैज्ञानिक समितीने सांगितलं, की ठरावीक प्रमाणापर्यंत हे अ‍ॅसिड सौंदर्यप्रसाधनांत घालायला हरकत नाही. दोन्ही विधानं खरी आहेत आणि ती एकमेकांना खोडतही नाहीत. पण पहिलं विधान घाबरवणाऱ्यांनी उचललं, दुसरं विकणाऱ्यांनी. मुरुमांवर काहीतरी घ्यावं म्हणून बाटली उलटीसुलटी करून वाचणाऱ्या माणसाला या दोन्हींचा काही उपयोग झाला नाही, कारण ज्या आकड्यावर सगळं अवलंबून आहे तो आकडा पुष्कळदा बाटलीवर नसतोच.

माझं म्हणणं एवढंच आहे की सॅलिसिलिक अ‍ॅसिड असलेल्या प्रत्येक उत्पादनावर त्याचा टक्का छापणं सक्तीचं करावं. बाकीचे वाद त्यानंतर.

शिक्क्याचा अर्थ आधी नीट समजून घेऊ. एखाद्या रसायनाचं असं वर्गीकरण होतं तेव्हा फक्त एक प्रश्न विचारलेला असतो: हा पदार्थ, कोणत्याही मात्रेत का होईना, असा अपाय करू शकतो का? सॅलिसिलिक अ‍ॅसिडच्या बाबतीत उत्तर 'हो, बहुधा' असं आहे. प्रयोगशाळेतल्या गाभण उंदरांना ते तोंडावाटे मोठ्या मात्रेत दिल्यावर पिलांवर परिणाम दिसले. वजनाच्या किलोमागे रोज ७५ मिलिग्रॅमपर्यंत मात्र ते दिसले नाहीत, आणि सुरक्षिततेचा पुढचा हिशेब याच आकड्यावरून होतो. ६० किलोच्या माणसाला हे प्रमाण लावलं तर दिवसाला साडेचार ग्रॅम होतात. उंदीर आणि माणूस यांतला फरक, माणसामाणसांतला फरक, असं सगळं धरून या आकड्याच्या निदान शंभरपट खाली राहायचं, असा दंडक आहे.

आता हा हिशेब आपणच करून पाहू. अवघड काही नाही, आणि तो एकदा केला की कायद्यातले आकडे मनमानी वाटेनासे होतात. चेहऱ्याला लावून ठेवायचं क्रीम माणूस दिवसाला सुमारे दीड ग्रॅम वापरतो, असं युरोपात धरतात. त्यात २ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड असेल तर ३० मिलिग्रॅम कातडीवर येतं. त्यातला पाचवा हिस्सा आत शिरतो असं समजू. प्रत्यक्षात हे प्रमाण क्रीम कसं बनवलंय आणि कातडी कशी आहे यावर बरंच कमीजास्त होतं. पण पाचवा हिस्सा धरला तर रक्तात जातात ६ मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ०.१. उंदरांच्या आकड्यापासून आपण साडेसातशे पट दूर आहोत. चेहऱ्यावरच्या २ टक्क्यांच्या सीरमने गर्भाला धोका होतो अशी भीती घालणाऱ्यांनी हे गणित मांडून दाखवावं. अमेरिकेतली स्त्रीरोग आणि प्रसूतितज्ज्ञांची संघटनाही गरोदरपणात मुरुमांवर बाहेरून लावायच्या सॅलिसिलिक अ‍ॅसिडला परवानगी देते.

शाम्पूचं बघा. एका वेळी दहा-साडेदहा ग्रॅम शाम्पू, त्यात ३ टक्के अ‍ॅसिड, म्हणजे तीनशेहून जास्त मिलिग्रॅम. ऐकायला मोठं वाटतं. पण शाम्पू धुऊन टाकला जातो, अंगावर राहतो त्याचा शंभरावा भाग, म्हणजे ३ मिलिग्रॅम, आणि आत जाणारं त्याहूनही थोडं. म्हणून युरोपात केसांच्या धुऊन टाकायच्या उत्पादनांत ३ टक्के चालतं आणि लावून ठेवायच्या क्रीममध्ये २ च. हे ज्याला कळलं त्याला फेसवॉशमधल्या २ टक्क्यांची धास्तीही वाटणार नाही, आणि त्या फेसवॉशकडून फार अपेक्षाही राहणार नाही.

खरी गोम अंगाला लावायच्या लोशनमध्ये आहे. अंगभर लोशन लावणारा माणूस दिवसाला जवळपास आठ ग्रॅम वापरतो. तेच २ टक्के इथे घातले तर कातडीवर येतात दीडशेहून जास्त मिलिग्रॅम, आणि पाचव्या हिश्शाने आत जातात सुमारे ३१. शंभरपटीचा दंडक अजून मोडलेला नाही, आपण जेमतेम एकशे चाळीस-पंचेचाळीस पटींवर आहोत. पण आत जाणारा हिस्सा पाचव्याऐवजी तिसरा धरा, म्हणजे कातडी कोरडी, फुटलेली, नुकतीच दाढी किंवा वॅक्सिंग केलेली असेल असं समजा, की एका बाटलीनेच तो दंडक मोडतो. त्यात चेहऱ्याचं सीरम, टोनर आणि पाठीवरच्या पुळ्यांचा फवारा अजून मिळवलेलाच नाही. तुलनेसाठी सांगतो: हृदयरोग्यांना रोज देतात त्या ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिनमधून शरीरात साधारण ५७ मिलिग्रॅम सॅलिसिलिक अ‍ॅसिड तयार होतं. अंगाला लावायच्या लोशनमधून याच्या निम्म्याहून अधिक मिळू शकतं, आणि घेणाऱ्याला आपण काही घेतोय याचा पत्ताच नसतो. यातून निरोगी प्रौढाला विषबाधा होईल असं मी अजिबात म्हणत नाही. त्यासाठी लागणारी मात्रा याच्या कितीतरी पुढे आहे. पण युरोपने अंगाच्या लोशनला, लिपस्टिकला आणि डोळ्यांच्या काही प्रसाधनांना २ ऐवजी अर्ध्या टक्क्याची मर्यादा घातली ती याच हिशेबातून. आणि युरोपबाहेर अनेक ठिकाणी २ टक्क्यांची अंगाची लोशनं सर्रास विकली जातात.

कातडीतून हे अ‍ॅसिड सहज आत जातं, ही गोष्ट त्वचारोगतज्ज्ञांना फार पूर्वीपासून माहीत आहे. सोरायसिसच्या किंवा जन्मतः खवल्यांसारखी कातडी असलेल्या रुग्णांना अंगाच्या मोठ्या भागावर सॅलिसिलिक मलम चोळल्यावर कानात आवाज येणं, मळमळ, चक्कर, धाप लागल्यासारखा श्वास अशी लक्षणं दिसल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. लहान मुलं आणि मूत्रपिंडं अधू असलेले रुग्ण त्यात ठळकपणे दिसतात. त्या मलमांतला टक्का बहुतेकदा जास्त होता, कातडी आजारी होती, वर पट्टी बांधलेली होती, म्हणून त्या उदाहरणांवरून साध्या फेसवॉशला दोष देणं चूक ठरेल. मात्र शरीराचा किती भाग, कातडी कशी, किती वेळ, हे तीन प्रश्न टक्क्याइतकेच महत्त्वाचे आहेत, हे त्यांतून पुरेसं स्पष्ट होतं.

अगदी हीच चर्चा या पदार्थावर एकदा होऊन गेलेली आहे, फक्त तेव्हा ती ताटातल्या अन्नाबद्दल होती. विलो झाडाच्या सालीचा तापावरचा गुण एडवर्ड स्टोन यांनी १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला कळवला, १८३८ मध्ये राफाएले पिरिया यांनी सॅलिसिलिक अ‍ॅसिड मिळवलं, आणि हर्मान कोल्बे यांच्या पद्धतीमुळे १८७० च्या दशकात ते कारखान्यात स्वस्तात बनू लागलं. स्वस्त झाल्याबरोबर ते टिकाऊपणासाठी दारूत, मुरंब्यांत आणि इतर खाद्यपदार्थांत पडू लागलं. प्रत्येक उत्पादक म्हणायचा, माझ्या बाटलीत अगदी थोडं आहे. ते खरंही असायचं. पण खाणारा एकाच बाटलीतलं खात नव्हता. अमेरिकेच्या कृषी खात्यातले रसायनशास्त्रज्ञ हार्वे वायली यांनी १९०२ पासून तरुण स्वयंसेवकांना जेवणातून अशी संरक्षकं देऊन परिणाम तपासायला सुरुवात केली, त्यांत सॅलिसिलिक अ‍ॅसिडही होतं. पुढे अन्नातून ते हद्दपार झालं. आज प्रसाधनांच्या फळीवर तेच 'माझ्यात थोडंच आहे' ऐकू येतं तेव्हा मला त्या बाटल्यांची आठवण होते.

आता लेबलाकडे वळू. युरोपात प्रसाधनांवर घटकांची यादी द्यावी लागते, जास्त प्रमाणातला घटक आधी अशा क्रमाने. टक्के लिहायचं बंधन नाही. शिवाय १ टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. याचा परिणाम काय होतो पाहा. ज्या लोशनला अर्ध्या टक्क्याची मर्यादा आहे, त्यातलं सॅलिसिलिक अ‍ॅसिड नेमकं या अनुक्रमहीन घोळक्यात येतं. ते ०.०५ टक्के आहे की ०.५, हे वाचणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. पुन्हा हेच अ‍ॅसिड संरक्षक म्हणून अर्ध्या टक्क्यापर्यंत घालता येतं, तेव्हा ज्या बाटलीवर मुरुमांचा उल्लेखही नाही तिच्यातही ते असू शकतं. कायद्याने मर्यादा आखली, कारखान्याने ती पाळली, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्याला बेरीज करायला एकही आकडा दिला नाही.

हे अशक्य आहे म्हणावं तर अमेरिकेत मुरुमांवरची सॅलिसिलिक अ‍ॅसिडची उत्पादनं औषधांत मोडतात, आणि तिथे ०.५ ते २ टक्क्यांच्या मर्यादेतला नेमका आकडा डब्यावर चौकटीत छापावाच लागतो. कोंड्याच्या उत्पादनांना १.८ ते ३ टक्के, तिथेही आकडा हवाच. कंपन्यांनी तो छापला, आणि त्यांचा धंदा बुडाला नाही. त्यामुळे टक्का सांगितला तर आमचं गुपित फुटेल हा युक्तिवाद मला पटत नाही. क्रीम कशाने बनलंय, सुगंध कोणता, घट्टपणा कशाने आला, हे सगळं खुशाल झाकून ठेवा. रक्तात जाणाऱ्या आणि कायद्यानेच मर्यादा घातलेल्या एका घटकाचा आकडा हे गुपित असू शकत नाही. आणि जिथे टक्का विक्रीला मदत करतो तिथे, म्हणजे सीरमच्या बाटल्यांवर, हाच आकडा मोठ्या अक्षरांत मिरवला जातोच.

टक्क्यानेही सगळं कळत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा जो भाग विद्युतभाराविना असतो तोच कातडीत नीट शिरतो, आणि तो किती हे पीएचवर, म्हणजे उत्पादन किती आम्लधर्मी आहे याच्या मापावर, ठरतं (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त). पीएच ३ च्या आसपास निम्मा भाग त्या रूपात असतो, ४ वर बाराव्या हिश्शाच्या जवळपास, आणि साडेपाचवर शेकडा एकाहूनही कमी. दोन बाटल्यांवर सारखेच २ टक्के असतील, पण एक झणझणेल आणि दुसरी नुसती ओली लागेल. म्हणून माझी मागणी खरं तर दोन आकड्यांची आहे. पण पीएचच्या वादात टक्का अडकून पडू नये. टक्का हा वरचा काठ सांगतो, आणि सुरक्षिततेसाठी आधी तो लागतो.

बेरजेतला आणखी एक मोठा भाग लेबलावर दुसऱ्याच नावांनी येतो. सनस्क्रीनमधली इथाइलहेक्झाइल सॅलिसिलेट आणि होमोसॅलेट, अत्तरी घटक म्हणून येणारं बेंझाइल सॅलिसिलेट, दुखऱ्या सांध्यांच्या बाममधलं मिथाइल सॅलिसिलेट, सगळी याच घराण्यातली. ती सगळी शरीरात सारखी वागतात असं नाही, सनस्क्रीनमधली बरीचशी वरच्या थरातच राहतात. पण २०१८ चा तो सुरक्षिततेचा निष्कर्ष फक्त सॅलिसिलिक अ‍ॅसिडपुरता आहे, इतर सॅलिसिलेटांना तो लावू नये, असं समितीने स्वतःच बजावलं होतं. यांतलं मिथाइल सॅलिसिलेट तर गांभीर्याने घ्यायलाच हवं. विंटरग्रीनचं शुद्ध तेल म्हणजे जवळजवळ सगळं हेच; ते एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, पोटात गेलं तर त्यात सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट असतं, ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक अ‍ॅस्पिरिन गोळ्यांइतकं. लहान मूल त्याने दगावू शकतं. घरात हे तेल असेल तर ते मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवूच नये. उलट 'नैसर्गिक' म्हणून विलोच्या सालीचा अर्क मिरवणाऱ्या क्रीमांत मुख्यतः सॅलिसिन असतं, सॅलिसिलिक अ‍ॅसिड नव्हे. तिथे भीतीही अनाठायी आणि भरवसाही.

मुलांबद्दल मला जास्त काळजी वाटते. मुलाच्या वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ मोठं असतं, म्हणून तेच लोशन त्याच्या अंगाला लावलं की किलोमागची मात्रा आपोआप वाढते. युरोपात सॅलिसिलिक अ‍ॅसिडची उत्पादनं तीन वर्षांखालच्या मुलांसाठी वापरता येत नाहीत, ते बरोबरच आहे. पण आता दहा-बारा वर्षांच्या, एकही पुळी नसलेल्या मुलीसुद्धा फोनवर पाहून थरावर थर अ‍ॅसिडं लावायला लागल्या आहेत. फेसवॉश, टोनर, सीरम, आठवड्यातून एकदा मास्क. विषबाधा यातून होणार नाही, पण कातडीचं वरचं कवच झिजतं, लाली येते, आग होते, आणि पुढे साधं क्रीमही सोसवेनासं होतं. स्वीडनमधल्या एका मोठ्या औषधविक्री साखळीने २०२४ मध्ये अशी तीव्र उत्पादनं १५ वर्षांखालच्या मुलांना विकणं थांबवलं. दुकानदाराने आपणहून केलं ते नियमकर्त्यांनाही करता येईल.

आणि पायांचं. कुरूप, भोवरी, चामखीळ यांवरच्या पट्ट्यांत ४० टक्क्यांपर्यंत सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं. औषध म्हणून ते योग्यच आहे, जाड झालेली कातडी मऊ करून उतरवण्याचं काम ते चांगलं करतं. पण मधुमेहाने ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे त्याला ती पट्टी निरोगी कातडी खातेय हे कळत नाही. जखम दिसते तेव्हा ती खोल गेलेली असते, आणि मधुमेहीच्या पायाची जखम कुठवर जाऊ शकते हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना सांगायला नको. मधुमेहींनी वापरू नये ही सूचना असते, पण पाकिटावर बारीक टाइपात किंवा आत घडी घातलेल्या कागदावर. ती पाकिटाच्या दर्शनी बाजूला, टक्क्याच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत हवी.

पीलबद्दल, म्हणजे कातडीचा वरचा थर उतरवणाऱ्या तीव्र द्रावणाबद्दल, थोडक्यात. २० ते ३० टक्क्यांचं द्रावण हा डॉक्टरांनी वेळ मोजत करायचा उपचार आहे. तो घरपोच मिळतो ही सरळ नियमनातली चूक आहे, आणि जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशी तीव्र पील तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय विकत घेऊ नका, वापरू नका, असा जाहीर इशारा दिला. इथे लेबल पुरणार नाही, खुली विक्रीच बंद व्हायला हवी.

अशी द्रव्यं लावली की कातडी उन्हाने लवकर भाजते, हा धाक मात्र सॅलिसिलिक अ‍ॅसिडच्या बाबतीत थोडा ताणलेला आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रसाधनांतल्याच दुसऱ्या एका, ग्लायकोलिक अ‍ॅसिडने कातडी उन्हाला जास्त हळवी झाली, सॅलिसिलिकने तसं लक्षणीय दिसलं नाही. सनस्क्रीन लावावंच, पण दोन अ‍ॅसिडांना एकाच दोरीने बांधू नये.

मी या पदार्थाच्या विरोधात नाही, हे इथवर वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. नायट्यावरचं व्हिटफिल्डचं मलम, ६ टक्के बेंझोइक आणि ३ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड, शंभरहून अधिक वर्षं लोकांच्या उपयोगी पडत आलं आहे, आणि त्याचे टक्के प्रत्येक औषधविक्रेत्याला पाठ असायचे. तेलात मिसळणारं असल्यामुळे मुरुमाच्या बुजलेल्या छिद्रात उतरणं हे सॅलिसिलिकचं खास काम, आणि सौम्य मुरुमांवर त्याचा फायदा खरा आहे. म्हणूनच ते घाबरून फेकून देण्याइतकं वाईट किंवा बेफिकिरीने अंगभर चोपडण्याइतकं निरुपद्रवी ठरवलं जाऊ नये असं मला वाटतं.

कायदा बदलेपर्यंत वापरणाऱ्याने एवढं करावं. नवीन उत्पादन आधी तीन दिवस एखाद-दुसऱ्या छोट्या जागी थोडंसं लावून पाहावं. हा सल्ला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला, तेव्हा त्यांच्याकडे बेंझॉइल पेरॉक्साइड आणि सॅलिसिलिक अ‍ॅसिडच्या मुरुमांवरच्या उत्पादनांनी आलेल्या गंभीर प्रतिक्रियांच्या १९६९ पासूनच्या १३१ नोंदी होत्या. इतक्या वर्षांत, इतक्या मोठ्या वापरात १३१ हा आकडा लहानच, पण ज्याचा घसा सुजून श्वास अडकतो त्याला त्या लहानपणाचा दिलासा नसतो. अ‍ॅस्पिरिनने दम लागणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. लावून ठेवायचं सॅलिसिलिक उत्पादन एका वेळी एकच असावं. आणि अंगाला लावायच्या लोशनवर टक्का नसेल तर कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर तो विचारावा, पीएचही विचारावा, उत्तर लेखी मागावं. असे प्रश्न शेकड्यांनी जायला लागले की छापणं त्यांनाच सोपं वाटेल. उत्तर येईपर्यंत ती बाटली न उघडता ठेवलेली बरी.